लँडस्केप आर्किटेक्टचं लायसन्स: ठाणे-नवी मुंबईतून सारखे येणारे प्रश्न

व्हॉट्सअ‍ॅपवर, साइटवर, कधी तलावपाळीला फिरताना ओळखीचं कोणी भेटलं तरी तेच प्रश्न येतात. विद्यार्थी विचारतात, सोसायटीचे सेक्रेटरी विचारतात, नर्सरीवाले विचारतात, आणि परवा तर एका बिल्डरच्या ऑफिसमधून फोन आला की "मॅडम तुमच्या लायसन्सची झेरॉक्स पाठवा, फाइलला लावायचीय". प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा सगळं इथे एकत्र लिहून ठेवते. सुरुवातीला बेसिक आहे, भानगडीचे प्रश्न खाली आहेत, आणि एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे नंबर दिलाय तो बघा.

१. लँडस्केप आर्किटेक्टचं लायसन्स कुठे मिळतं? ठाण्यात त्याचं ऑफिस आहे का?

नाही, कारण असं लायसन्सच आपल्याकडे नाही. भारतात डॉक्टरला मेडिकल कौन्सिलची नोंदणी लागते, वकिलाला बार कौन्सिलची सनद लागते, तसं लँडस्केप आर्किटेक्टसाठी कुठलंही सरकारी रजिस्टर नाही, परीक्षा नाही, नंबर नाही. जो कायदा आहे तो आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट, १९७२, त्याखाली दिल्लीचं कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर आर्किटेक्टची नोंदणी करतं, आणि आपण ज्याला सीओए नंबर म्हणतो तो तिथला. पण तो नंबर आर्किटेक्ट म्हणून मिळतो, लँडस्केप आर्किटेक्ट म्हणून नाही.

हे ऐकून बरेच जण म्हणतात म्हणजे कोणीही उठून काहीही करू शकतो का. तसंही नाही. लँडस्केपच्या कामात कागद बरेच असतात आणि त्यातल्या काही कागदांवर ज्याची सही लागते त्याच्याकडे मात्र खरंखुरं लायसन्स असावं लागतं. ती सही कोणाची ते एकदा कळलं की अर्धा गोंधळ संपतो, खालचे बरेचसे प्रश्न त्याबद्दलच आहेत.

२. मग आर्किटेक्ट नसताना व्हिजिटिंग कार्डवर 'लँडस्केप आर्किटेक्ट' छापलं तर केस होते का?

१९७२ च्या कायद्याचं कलम ३७ सांगतं की नोंदणी नसलेल्या माणसाने 'आर्किटेक्ट' हे नाव लावायचं नाही. पण त्याच कलमाच्या परंतुकात लँडस्केप आर्किटेक्ट आणि नेव्हल आर्किटेक्ट, म्हणजे जहाजांचं डिझाइन करणारे, या दोघांना बाहेर ठेवलंय, आणि लँडस्केप आर्किटेक्ट म्हणजे कोण हेही तिथेच सांगितलंय, झाडंझुडपं आणि लँडस्केपशी संबंधित मोकळ्या जागांचं डिझाइन करणारी व्यक्ती. म्हणजे पूर्ण 'लँडस्केप आर्किटेक्ट' लिहिलं तर या कलमाखाली गुन्हा होत नाही.

आता घोटाळा कुठे होतो बघा. कार्डवर लिहितात लँडस्केप आर्किटेक्ट, मग दुकानाच्या बोर्डवर जागा कमी पडते म्हणून नुसतं आर्किटेक्ट, आणि इन्स्टावर नावाच्या आधी 'आर.' लावतात. ते चालत नाही. 'आर.' म्हणजे आर्किटेक्टच, ती सूट फक्त पूर्ण शब्दाला आणि त्या कामापुरती आहे. शिक्षा मूळ कायद्यात पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. रक्कम बघून हसू नका, एकदा क्लायंटसमोर खोटं नाव लावलेलं उघड झालं की त्याच्यापुढे दंड काहीच नाही.

आणि माझं स्पष्ट मत, कायद्याने सूट दिली म्हणून डिग्री नसताना हे नाव लावू नये. पाच वर्षं बी आर्क आणि वर दोन वर्षं मास्टर्स केलेल्या मुलांनी मग काय लावायचं? तुम्ही डिझाइन चांगलं करत असाल तर लँडस्केप डिझायनर, गार्डन डिझायनर, उद्यानतज्ज्ञ हे शब्द काय वाईट आहेत.

३. मॅडम माझं बी आर्क झालंय, सीओए नंबर आहे, लँडस्केप करायला अजून काही रजिस्ट्रेशन लागेल का?

नाही लागणार. लँडस्केपमध्ये मास्टर्स केलं असेल तर ती जादा पात्रता कौन्सिलकडे नोंदवून घ्या, पुढे टेंडरमध्ये किंवा कॉलेजात शिकवायला जाताना उपयोगी पडते.

पण एक सांगते, खूप जण विसरतात. लँडस्केपचं काम करायला सीओए लागत नाही हे कळलं की लोक नूतनीकरण करायचं सोडून देतात. मग तीन-चार वर्षांनी एखाद्या क्लायंटला बंगल्याचाही प्लॅन हवा असतो आणि तेव्हा लक्षात येतं की नाव रजिस्टरवरून निघालंय. परत लावून घेता येतं, पण मधल्या काळात तुम्ही कायद्याच्या भाषेत आर्किटेक्ट नव्हता, तेव्हाच्या सह्यांचं काय करणार. आणि नोंदणी चालू असेल तर १९८९ ची व्यावसायिक वर्तणुकीची नियमावली तुमच्या लँडस्केपच्या कामालाही लागू आहे, मी तर फक्त गार्डन केलं असं म्हणून त्यातून सुटता येत नाही.

४. आयसोलाची मेंबरशिप म्हणजेच लायसन्स ना?

नाही. आयसोला म्हणजे इंडियन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्स, २००३ साली सुरू झालेली आपल्या लोकांची संस्था, आणि ती १९४८ च्या इफ्ला या जागतिक संघटनेची सदस्य आहे. व्याख्यानं, पुरस्कार, विद्यार्थ्यांच्या स्पर्धा, ओळखीपाळखी, हे सगळं तिथे मिळतं, तरुण मुलांनी जरूर मेंबर व्हावं असं मला मनापासून वाटतं. पण ती कायद्याने नेमलेली नियंत्रक संस्था नाही. मेंबर नसलात तर कोणी काम थांबवू शकत नाही आणि मेंबर आहात म्हणून महापालिकेत तुमच्या सहीला वेगळं वजन येत नाही. काही खासगी क्लायंट आणि काही टेंडरं मात्र मेंबरशिप मागतात, ती त्यांची अट असते, कायद्याची नाही.

५. एकाने "गव्हर्नमेंट अप्रूव्ड लँडस्केप लायसन्स" काढून देतो म्हणून पैसे मागितलेत, द्यावेत का?

अजिबात नाही. प्रश्न १ परत वाचा, जी गोष्ट अस्तित्वातच नाही ती कोण काढून देणार. कळव्याच्या एका मुलाने मला असंच सर्टिफिकेट दाखवलं होतं, वर सोनेरी शिक्का, खाली इंग्रजीत मोठमोठे शब्द, आणि बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा तीन दिवसांचा ट्रेनिंग प्रोग्रॅम आहे. त्याच्या आईने गळ्यातलं गहाण टाकून पैसे दिले होते. म्हणून हा प्रश्न एवढ्या वर घेतला.

६. बीएससी हॉर्टिकल्चर झालंय, घोडबंदरला नर्सरी आहे, गार्डनचं डिझाइन मी करू शकतो की नाही?

करू शकता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर विरुद्ध मुकेश गोयल या प्रकरणात सांगितलंय की कलम ३७ 'आर्किटेक्ट' या नावाला संरक्षण देतं, ते काम दुसऱ्या कोणी करायला मनाई करत नाही. आणि लँडस्केपला तर मुळात सूटच आहे, प्रश्न २ मध्ये लिहिलंय.

झाडांच्या बाबतीत तुम्ही आमच्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा पुढे असता हेही खरं. कुठलं झाड खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात टिकेल, कुठल्या मातीत मुळं कुजतील, हे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात शिकलेल्या मुलाला आमच्याआधी कळतं. पण लेव्हल्स, पाण्याचा निचरा, रॅम्पचा उतार, भिंतीमागचा मातीचा दाब, हे आलं की एकट्याने करू नका, आर्किटेक्ट किंवा इंजिनीअर जोडीला घ्या. कारण प्रश्न १० मध्ये आहे.

७. लँडस्केपचं शिक्षण कुठे घ्यायचं? ठाण्याजवळ काही?

बहुतेक मास्टर्स कोर्सना आधी बी आर्क लागतं. एसपीए म्हणजे स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, ते दिल्लीचं आणि भोपाळचं, अहमदाबादचं सेप्ट, आणि आपल्या जवळचं म्हणजे पुण्याचं बीएनसीए, ते मुलींसाठी आहे. ठाण्यातून पुण्याला रोज अप-डाउन करायचा विचार करू नका, एका मुलीने एक सेमिस्टर केलं आणि आजारी पडली. बी आर्क नसेल तर त्या त्या वर्षाचं प्रॉस्पेक्टस नीट वाचून मगच फॉर्म भरा.

८. ठाणे महापालिका किंवा नवी मुंबई महापालिकेत लँडस्केप आर्किटेक्ट म्हणून नाव नोंदवावं लागतं का?

आपल्या दोन्ही महापालिकांना यूडीसीपीआर लागू आहे, राज्याची एकत्रित नियमावली, २ डिसेंबर २०२० ला मंजूर झालेली. इमारतीच्या परवानगीसाठी जे नकाशे जातात त्यावर सही कोणाची चालते, कोणाची पात्रता किती, हे त्याच्या परिशिष्ट सी मध्ये आहे. तिथे आर्किटेक्ट, इंजिनीअर, स्ट्रक्चरल इंजिनीअर, सुपरवायझर यांच्या सह्यांचा हिशोब आहे. तुमचं लँडस्केप ड्रॉइंग त्या फाइलमध्ये आर्किटेक्टमार्फत जातं आणि परवानगीसाठी जबाबदार सही त्याची असते. तुमचं नाव आणि टायटल ब्लॉक ड्रॉइंगवर जरूर ठेवा, ते तुमचं काम आहे.

लेआउट ०.४ हेक्टर म्हणजे ४००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर १० टक्के मनोरंजनाची मोकळी जागा ठेवावीच लागते, आणि आमचं खरं काम बहुतेक वेळा त्या १० टक्क्यांतच असतं. म्हणून ती जागा कुठे टाकायची हे ठरताना आर्किटेक्टच्या शेजारी बसा. सगळं ठरल्यावर उरलेले कोपरे मिळाले की त्यात ना झाड वाढतं ना पोर खेळतं.

उद्यान विभागाची कामं वेगळी, ती टेंडरने निघतात, महाटेंडर्स या सरकारी टेंडरच्या वेबसाइटवर डिजिटल सिग्नेचर घेऊन भरावी लागतात, आणि पात्रतेच्या अटी प्रत्येक टेंडरमध्ये वेगळ्या असतात. पनवेलच्या पलीकडे नैना क्षेत्रात, म्हणजे नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रात, काम असेल तर लक्षात ठेवा, यूडीसीपीआर मंजूर करताना नैना त्यातून वगळलं होतं, तिथे नियम सिडकोकडे विचारून घ्या.

९. पण नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये लँडस्केप आर्किटेक्ट लागतो असं लिहिलंय ना, मी स्वतः वाचलंय!

बरोबर वाचलंय. एनबीसी २०१६ च्या भाग २ मध्ये लँडस्केप आर्किटेक्टची पात्रता दिली आहे, लँडस्केप आर्किटेक्चरमधली पदवी किंवा पदव्युत्तर पदवी, आणि ५ हेक्टर किंवा जास्त क्षेत्राच्या परवानगीच्या कामात लँडस्केप डिझाइन त्याने करावं असं आहे, मेट्रो शहरांत ही मर्यादा २ हेक्टर. भाग १० तर अख्खा लँडस्केपवर, शिवाय जाहिरातींच्या फलकांवर आहे.

पण एनबीसी हा बीआयएसने म्हणजे भारतीय मानक ब्यूरोने काढलेला शिफारशीचा दस्तावेज आहे. स्थानिक नियमावलीने जेवढं उचललं तेवढंच बंधनकारक. त्यामुळे फाइलवर "एनबीसीप्रमाणे अनिवार्य" असं लिहून क्लायंटला घाबरवू नका. त्याऐवजी असं सांगा की देशाचा कोड स्वतः म्हणतोय एवढ्या मोठ्या जागेत या शिक्षणाचा माणूस असावा, आणि लहान जागेतही त्याला बरोबर घेण्याचा विचार करावा. माझा अनुभव आहे, हे शांतपणे कोड उघडून दाखवलं की बिल्डर ऐकतात.

१०. आमच्या सोसायटीत पोडियमवर गार्डन नव्याने करायचंय, लायसन्सवालाच माणूस घ्यावा लागेल का? कमिटीत भांडणं चालू आहेत.

डिझाइनसाठी लायसन्सची अट नाही. पण पोडियम म्हणजे जमीन नाही, तो स्लॅब आहे आणि खाली गाड्या आहेत, त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनीअरचं पत्र घेतल्याशिवाय एक घमेलं मातीसुद्धा वर चढवू नका.

हे मी एवढं ठासून का सांगते ते सांगते. घोडबंदर रोडवरच्या एका कॉम्प्लेक्समध्ये मला बोलावलं होतं, काम आधी दुसऱ्या कोणी केलेलं. कमिटीला हिरवी टेकडी हवी होती, मुलांना लोळायला, तर तीन फूट उंच लाल मातीचा उंचवटा केला आणि वर लॉन आणि चार बहावे. ओल्या मातीचं वजन साधारण १८०० किलो घनमीटरला धरा, म्हणजे तीन फुटांच्या मातीचं चौरस मीटरला दीड टनाच्या वर जातं, आणि हे कोणी कोणाला विचारलंच नव्हतं. मातीखाली ड्रेन सेल, म्हणजे पाणी वाहून नेणारे प्लास्टिकचे जाळीदार तुकडे, टाकले होते पण त्यावरचं माती अडवणारं कापड, जिओटेक्स्टाइल, पैसे वाचवायला गाळलं होतं, तर पहिल्याच पावसाळ्यात माती सेलमध्ये बसली, पाणी अडलं. मी जुलैत गेले तेव्हा खाली पार्किंगमध्ये बीमच्या कडेने पांढऱ्या रेघा उतरल्या होत्या आणि एका पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर चुन्याचे ठिपके वाळून इतके घट्ट बसले होते की मालक आजोबा नखाने खरवडत होते आणि ते निघत नव्हते. मी इंजिनीअरला बोलावलं, त्यांनी खालून बघितलं आणि त्याच दिवशी माती उतरवायला सांगितली. सगळी माती पोत्यांत भरून लिफ्टने खाली आणली, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू रडत होत्या कारण एक बहावा त्यांनी गेलेल्या मिस्टरांच्या नावाने लावला होता. तो बहावा आम्ही खाली गेटजवळ खऱ्या जमिनीत लावला, जगला.

म्हणून कमिटीने माणूस निवडताना हे विचारा: याआधी पोडियमवर काय केलंय ते प्रत्यक्ष दाखवा, आणि शक्यतो पावसाळ्यात दाखवा. स्लॅबवर किती वजन चालतं हे तुम्ही कोणाकडून घेणार? वॉटरप्रूफिंगनंतर पाणी साठवून टेस्ट कोण करणार आणि लिहून कोण देणार? या तिन्हींना सरळ उत्तर देणारा माणूस आर्किटेक्ट असो नाहीतर हॉर्टिकल्चरवाला, तो चालेल. उत्तर न देणारा कितीही डिग्र्या घेऊन आला तरी नको.

११. लँडस्केप आर्किटेक्टने सही दिली तर झाड तोडायची परवानगी मिळते का?

नाही, कोणाच्याच सहीने नाही. महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५, त्याखाली महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण आहे आणि परवानगी तिथूनच. अर्ज मालकाने किंवा सोसायटीने करायचा, आम्ही फार तर झाडांची यादी, घेर, नकाशा तयार करून देतो. कायद्यात 'झाड तोडणे' या शब्दात जाळणं, कापणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं, तेव्हा "आम्ही फक्त छाटलं" म्हणून बोडकं केलेलं खोड दाखवाल तर ते चालणार नाही. छाटणीलाही आधी उद्यान विभागात अर्ज टाका, मे महिन्यात टाकला तर गर्दी असते, मार्चमध्ये टाका.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज झाड धरलं जातं, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं भरपाई म्हणून लावावी लागतात. हे वय हिशोबात धरून डिझाइन करा. नौपाड्यातल्या जुन्या बंगल्यांचं रिडेव्हलपमेंट निघतं तेव्हा आवारात आजोबांनी लावलेला आंबा असतोच, त्याला वाचवून रॅम्प फिरवता येतो का हे पहिल्या स्केचमध्येच बघायचं असतं, शेवटच्या ड्रॉइंगमध्ये नाही.

१२. येऊरला किंवा खाडीकाठी लँडस्केपचं काम असेल तर? बांधकाम नाहीये, नुसतं गार्डन आहे.

नुसतं गार्डन असं काही नसतं. भराव टाकला, पेव्हर बसवले, पाण्याचा मार्ग वळवला, की तो बदल झाला. येऊरला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, २०१६ पासून. खाडीकडे सीआरझेड म्हणजे किनारपट्टीच्या बांधकामावरचे नियम, आणि खारफुटी एक हजार चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर तिच्याभोवती ५० मीटरचा बफर. खारफुटी तोडण्यावर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी घातली आहे. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलं. पाम बीचच्या बाजूच्या काही क्लायंटना समोरचं पाणी दिसायला खारफुटी "थोडी विरळ" करून हवी असते. असं काम घेऊ नका. मी दोनदा नाही म्हटलंय, पैसे दोन्ही वेळा चांगले होते.

१३. एन्व्हायर्नमेंट क्लिअरन्सच्या फाइलला लँडस्केप प्लॅन लागतो, तो कोणी करायचा?

२००६ च्या ईआयए म्हणजे पर्यावरणावरच्या परिणामांच्या तपासणीच्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर किंवा जास्त बिल्टअप असलेल्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते. फाइल नाबेट या मान्यता देणाऱ्या मंडळाने मान्य केलेल्या सल्लागार संस्थेमार्फत जाते, म्हणजे इथे मान्यता खरंच लागते पण ती त्या सल्लागाराला. तुम्ही त्यांना लँडस्केप प्लॅन, झाडांची यादी, आरजीचा म्हणजे मनोरंजनाच्या मोकळ्या जागेचा हिशोब देता. एकच काळजी घ्या, मंजुरीच्या फाइलमधली झाडांची यादी आणि साइटवर लागणारी यादी एकच ठेवा. फाइलमध्ये कडुनिंब, तामण, बकुळ आणि साइटवर सगळीकडे पामच पाम, हे आपल्याकडे फार होतं आणि पुढे तपासणीत सोसायटीच्या गळ्यात येतं.

१४. ऑफिस सुरू करायचंय तर कोणते कागद लागतील?

धंद्याचे नेहमीचे. गुमास्ता, माणसं थोडी असतील तर २०१७ च्या कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. प्रोफेशनल टॅक्सची नोंदणी, वर्षाला २५०० रुपये. उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी, दर १८ टक्के. बाकी तुमच्या सीएला विचारा. फी किती घ्यावी असं विचारत असाल तर कौन्सिलने लँडस्केपच्या कामासाठी सेवांची आणि फीची वेगळी पट्टी दिली आहे, ती क्लायंटला दाखवायला बरी पडते.

१५. अमेरिकेत जाऊन प्रॅक्टिस करायची आहे, इथलं चालेल का?

तिथे चित्र अगदी उलटं आहे. कॅलिफोर्नियाने १९५३ मध्ये सुरुवात केली आणि आता पन्नासही राज्यांत लँडस्केप आर्किटेक्टला लायसन्स लागतं. त्यासाठी एलएआरई नावाची परीक्षा, क्लार्ब ही संस्था घेते, चार भाग: जागेची पाहणी आणि प्रकल्प व्यवस्थापन, नियोजन आणि डिझाइन, बांधकामाचे कागद, आणि चौथा ग्रेडिंग, ड्रेनेज, पावसाच्या पाण्याचं व्यवस्थापन. शिक्षण आणि अनुभवाच्या अटी राज्यागणिक बदलतात, त्यामुळे आधी राज्य ठरवा, त्या बोर्डाचे नियम वाचा, मगच पैसे भरा. इथल्या कामाच्या अनुभवाचे कागद, कोणाच्या हाताखाली किती महिने, हे जाण्याआधीच सही घेऊन ठेवा, नंतर इथला बॉस फोन उचलत नाही अशी रडारड बऱ्याच जणांची ऐकली आहे.

ब्रिटनमध्ये लँडस्केप इन्स्टिट्यूटची चार्टरशिप आहे, परीक्षेपेक्षा मार्गदर्शक आणि तोंडी मुलाखत असा तो रस्ता आहे.

१६. मी परदेशातून लँडस्केपमध्ये मास्टर्स करून आले, पण माझं बी आर्क नाही. ठाण्यात नाव काय लावू?

लँडस्केप आर्किटेक्ट लावा, तुमचं तर शिक्षणच ते आहे आणि प्रश्न २ मधली सूट तुम्हाला आहे. नुसतं आर्किटेक्ट किंवा 'आर.' नाही. तिथलं लायसन्स काढलं असेल तर कार्डवर त्या राज्याच्या नावासकट लिहा, नाहीतर इथल्या लोकांना वाटतं इथलंच आहे. सरकारी नोकरीला किंवा शिकवायला जायचं असेल तर असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजचं समकक्षता प्रमाणपत्र काढून ठेवा. आणि महापालिकेच्या उद्यान विभागातल्या जागांना बहुतेक वेळा हॉर्टिकल्चर किंवा कृषीची पदवी मागतात, जाहिरात वाचल्याशिवाय आशा लावून बसू नका.

१७. काम बिघडवलं तर तक्रार कोणाकडे करायची, लायसन्सच नाही म्हणता तर?

समोरचा नोंदणीकृत आर्किटेक्ट असेल तर कौन्सिलकडे व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार करता येते, नाव रजिस्टरवरून काढण्यापर्यंत कारवाई जाऊ शकते. तो नोंदणीकृत नसेल तर कौन्सिल काही करू शकत नाही. पण ग्राहक आयोग दोघांनाही लागू आहे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. प्रश्न १० मधल्या सोसायटीला हे जमलं नाही, कारण करार तोंडी, पैसे रोख आणि ड्रॉइंग म्हणजे फोनवरचा एक फोटो. कोटेशन, ड्रॉइंग, मातीची खोली, ड्रेनचा सेक्शन, सगळ्यावर दोघांची सही घ्या.

१८. आम्ही दोघी पार्टनर, ती आर्किटेक्ट आहे, मी हॉर्टिकल्चरची. फर्मच्या नावात 'आर्किटेक्ट्स' घालू का?

नको. आर्किटेक्टची फर्म म्हणजे जिचे सगळे पार्टनर नोंदणीकृत आर्किटेक्ट आहेत अशी भागीदारी, नोंदणी नसलेला एकही पार्टनर चालत नाही. 'लँडस्केप स्टुडिओ' किंवा 'लँडस्केप डिझाइन' असं काही ठेवा. मैत्रिणीच्या नावापुढे तिचा सीओए नंबर, तुमच्या नावापुढे तुमची डिग्री, दोन्ही एकाच आकाराच्या अक्षरात छापा.